फॅक्टरी रीसेट केले, तरी मुखवटा परत आला

प्रश्न : महिन्यापूर्वी ओळखीतून एक वापरलेला अँड्रॉइड फोन घेतला. तो सुरू करताना काळ्या पडद्यावर नारिंगी चिन्ह आणि बूटलोडर अनलॉक असल्याची इंग्रजी सूचना काही सेकंद दिसते, मग फोन नेहमीसारखा चालतो. मी तिकडे लक्ष दिले नाही. माझे गूगल खाते घातले, ईमेल आणि छायाचित्रे उतरवून घेतली. बँकेचे अ‍ॅप ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ असे सांगून बंद होऊ लागले तेव्हा शंका आली. अ‍ॅपच्या यादीत मुखवट्याचे चिन्ह असलेले, मी न घेतलेले एक अ‍ॅप होते. सेटिंग्जमधून दोनदा फॅक्टरी रीसेट केले. दोन्ही वेळा फोन कोरा झाला, पण नारिंगी सूचना गेली नाही आणि थोड्या वेळाने तो मुखवटाही परत आला. विक्रेते म्हणतात, ‘‘तिसऱ्यांदा रिकव्हरीतून रीसेट करा, सगळे साफ होईल.’’ खरेच होईल का? आणि पुढेमागे हा फोन कोणाला द्यायचा झाला, तर माझी माहिती त्यात उरणार नाही याची खात्री कशी करावी?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

विक्रेत्यांचा सल्ला मानू नका. तिसऱ्यांदाच काय, तेराव्यांदा रीसेट केले तरी तो मुखवटा परत येईल, कारण तो जिथे बसला आहे तिथे रीसेट पोहोचतच नाही. ‘फॅक्टरी रीसेट’ हे नावच फसवे आहे. कारखान्यातून निघताना फोनमध्ये जे सॉफ्टवेअर होते त्याची जपून ठेवलेली प्रत काढून ती पुन्हा बसवली जाते, असा त्या नावावरून समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक अँड्रॉइड फोनांत अशी राखीव प्रत नसते. फोनची साठवण अनेक विभागांत वाटलेली असते आणि वापरकर्त्याची अ‍ॅप, खाती, छायाचित्रे व संदेश ज्या विभागात असतात तो रीसेटने रिकामा होतो. फोन सुरू करणारा बूट विभाग, अँड्रॉइडचा सिस्टम विभाग आणि खुद्द रिकव्हरी, म्हणजे रीसेट व दुरुस्तीसाठी अँड्रॉइडबाहेर सुरू होणारा छोटा विभाग, यांना रीसेट हात लावत नाही. ज्या फोनचे सॉफ्टवेअर मूळचे आहे त्याला एवढे पुरते. तुमच्या फोनमध्ये बदल झाला आहे तो नेमका या न पुसल्या जाणाऱ्या भागात. रिकव्हरीतून रीसेट केल्याने हे बदलत नाही. उलट रिकव्हरीच बदललेली असेल, तर ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच हाती झाडू दिल्यासारखे होते.

मुखवट्याचे ते चिन्ह बहुधा मॅजिस्क या प्रणालीचे असावे. फोन ‘रूट’ करण्यासाठी, म्हणजे त्यावर सर्वाधिकार मिळवण्यासाठी ती वापरतात. ती बूट विभागातील फाइलमध्ये फेरफार करून स्वतःला बसवते, आणि रीसेटनंतर फोन पहिल्यांदा पूर्ण सुरू झाला की तिथला तिचा भाग आपल्या अ‍ॅपची एक छोटीशी प्रत यादीत पुन्हा ठेवून देतो. तुम्ही पाहिले ते हेच. मॅजिस्क स्वतः घातक नाही, हे न्यायाने सांगायला हवे. जुन्या फोनला नवे आयुष्य देणारे कितीतरी हौशी लोक ती वापरतात आणि तुमच्या आधीचे मालकही त्यांपैकीच असण्याची शक्यता मोठी आहे. अडचण अशी, की ज्या हाताने मॅजिस्क बसवले त्या हाताने आणखी काय बसवले हे तुम्हाला फोनच्या आत बसून कळू शकत नाही. सर्वाधिकार असलेला प्रोग्राम स्वतःला यादीतून लपवू शकतो, टंकलेला पासवर्ड वाचू शकतो आणि सेटिंग्जच्या पानावर हवे ते लिहून दाखवू शकतो.

ही भीती नुसती कागदावरची नाही. २०१९ मध्ये एक्सहेल्पर नावाचा ट्रोजन, म्हणजे साध्या प्रोग्रामचे सोंग घेणारा घातक प्रोग्राम, चर्चेत आला तो याच कारणाने, की फॅक्टरी रीसेट केल्यावरही तो पुन्हा हजर होत असे. कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २०२० मध्ये त्याची उकल केली. तो जुन्या अँड्रॉइड आवृत्त्यांतील त्रुटी वापरून सर्वाधिकार मिळवत असे, स्वतःला सिस्टम विभागात लिहून ठेवत असे, आणि तो विभाग लिहिण्यासाठी पुन्हा कोणाला उघडता येऊ नये म्हणून तिथली एक मूलभूत फाइलही बदलत असे. अशा फोनवर उपाय उरतो तो मूळ सॉफ्टवेअर नव्याने बसवण्याचा, ज्याला बोलीत ‘फ्लॅश करणे’ म्हणतात. तुम्हालाही तेच करायचे आहे आणि त्यानंतर बूटलोडरला, म्हणजे फोन सुरू होताना सर्वांत आधी चालून पुढचे सॉफ्टवेअर सुरू करणाऱ्या प्रोग्रामला, पुन्हा कुलूप घालायचे आहे. यांपैकी दुसरी गोष्ट लोक सोडून देतात, आणि तिथेच सगळे फसते.

मात्र फ्लॅशच्या आधी एक काम आजच करा, आणि ते या फोनवरून करू नका. विश्वासाच्या दुसऱ्या उपकरणावरून गूगल खात्यात जा, सुरक्षेच्या पानावरील उपकरणांच्या यादीतून हा फोन बाद करा आणि पासवर्ड बदला. ज्या ज्या खात्याचा पासवर्ड या फोनवर टंकला असेल, त्या प्रत्येकाचा बदला. बँकेचे अ‍ॅप बंद पडण्यापूर्वी तुम्ही त्यात काही भरले असेल, तर तेही धरा. सिमकार्ड काढून ठेवा, कारण एकदाच चालणारे सांकेतिक क्रमांक संदेशाने येतात आणि ते वाचणे अशा फोनवर अवघड नसते. छायाचित्रे ढगावर, म्हणजे क्लाउडवर, पोचली आहेत ना ते पाहा. फोनमधील अ‍ॅपचा बॅकअप घेऊन तो पुन्हा नव्या सॉफ्टवेअरवर चढवण्याच्या भानगडीत पडू नका. अ‍ॅप नंतर अधिकृत स्टोअरवरून नव्याने घ्यावीत.

मग विक्रेत्यांना गाठून दोन गोष्टी स्पष्ट करून घ्या. पहिली, त्यांचे गूगल खाते या फोनशी अजून जोडलेले आहे का. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, रीसेटनंतर आधीच्या मालकाचे खाते मागणारे संरक्षण फोनांत आले. परंतु अँड्रॉइड १४ पर्यंतच्या फोनांत ‘ओईएम अनलॉकिंग’, म्हणजे बूटलोडर उघडण्याची परवानगी देणारा सेटिंग्जमधील पर्याय, चालू असताना ते काम करत नाही, आणि गूगलच्या सेवा नसलेल्या बदललेल्या सॉफ्टवेअरवर तर ते नसतेच. त्यामुळे आज फोन मुकाट चालत असला, तरी मूळ सॉफ्टवेअर परत आल्यावर ही चौकशी डोके वर काढू शकते आणि त्या वेळी विक्रेते फोन उचलतीलच असे नाही. दुसरी गोष्ट आयएमईआय क्रमांकाची, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाची. *#06# दाबल्यावर दिसणारा क्रमांक खोक्यावरील किंवा सिमच्या ट्रेवरील क्रमांकाशी जुळला नाही, तर फ्लॅश करण्यापेक्षा फोन परत करणेच शहाणपणाचे. त्याचप्रमाणे मूळ सॉफ्टवेअरवर पहिल्यांदा सुरू होताना ‘हे उपकरण तुमच्या संस्थेचे आहे’ अशा अर्थाचे पान आले, तर तो फोन एखाद्या कार्यालयाच्या नावावर नोंदलेला आहे. ती नोंद निर्मात्याच्या किंवा गूगलच्या सर्व्हरवर असते आणि कोणत्याही रीसेटने जात नाही.

फोन कोणत्या कंपनीचा आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि पुढची वाट तर त्यावरच ठरते. मॉडेल ओळखताना सेटिंग्जवर विसंबू नका. फोन बंद करून, बटणांच्या ठरावीक जोडीने बूटलोडरच्या किंवा डाउनलोड मोडच्या पडद्यावर जा आणि तिथे काय लिहिले आहे ते पाहा. नावापुढचे एखादे अक्षर वेगळे असले, तरी आतले मोडेम किंवा ज्या प्रदेशासाठी फोन बनवला तो प्रदेश वेगळा असू शकतो, आणि चुकीच्या प्रदेशाचे सॉफ्टवेअर घालून कुलूप लावल्यास काही कंपन्यांचे फोन सुरू होण्याचेच नाकारतात.

सॉफ्टवेअर घ्यायचे ते निर्मात्याकडूनच. गूगलच्या पिक्सेलसाठी हे सर्वांत सोपे आहे : अँड्रॉइड फ्लॅश टूल हे अधिकृत साधन संगणकाच्या ब्राउझरमधूनच चालते, आणि त्यात फोन पुसणे, सर्व विभाग सक्तीने नव्याने लिहिणे व शेवटी बूटलोडर लॉक करणे असे तीनही पर्याय स्वतंत्रपणे निवडता येतात. तुमच्या कामासाठी पहिले दोन आधी निवडावेत; तिसरे, म्हणजे लॉक, फोन एकदा सुरू करून पाहिल्यावर करावे, ते का ते पुढे येईल. मोटोरोला आणि सोनी यांचीही स्वतःची दुरुस्तीची साधने आहेत. सॅमसंगच्या बाबतीत लोक ओडिन हे फ्लॅश करण्याचे साधन वापरतात, आणि तिथे एक बारीक जागा आहे जिथे हमखास चूक होते. सॉफ्टवेअरच्या संचात सीएससी या नावाच्या दोन फाइली असतात. एकीच्या नावात आधी ‘होम’ हा शब्द असतो. होम असलेली फाइल निवडली, तर वापरकर्त्याचा विभाग तसाच राखला जातो, आणि नुसती सीएससी निवडली, तर तो पुसला जातो. अपडेट करणाऱ्याला पहिली हवी असते, तुम्हाला दुसरी. शाओमीच्या साधनात, उलट, खाली ‘सगळे पुसा आणि लॉक करा’ हा पर्याय असतो. वापरात दुसऱ्या प्रदेशाचे सॉफ्टवेअर असेल, तर तो न पाहता दाबल्यास फोन अडकून बसतो.

पिक्सेलच्या फाइली स्वतः उतरवून घेतल्या, तर गूगलने प्रत्येक फाइलशेजारी शा-२५६ ही ६४ अक्षरांची ओळख छापलेली असते. उतरवलेल्या फाइलची ओळख संगणकावर काढून ती ताडून पाहा. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहून समाधान मानण्याची सवय अनेकांना असते. दोन्ही ओळी एकाखाली एक चिकटवून पूर्ण पाहायला अर्धे मिनिट लागते, तेवढे द्यावे. अनोळखी संकेतस्थळावरील ‘स्टॉक रॉम’, म्हणजे मूळ म्हणून दिले जाणारे सॉफ्टवेअर, मात्र नको. त्या नावाखाली कोणी काय बांधून ठेवले आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि तुम्ही सुटू पाहता आहात ती गोष्टच पुन्हा विकत न घेता घरात येते.

प्रत्यक्ष फ्लॅशबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण प्रत्येक साधनाच्या सूचना पुरेशा स्पष्ट असतात. बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी, केबल डेटा वाहणारी आणि घट्ट बसणारी असावी आणि मध्येच तारेला हात लागू देऊ नये. मात्र दोन गोष्टींविषयी सावध राहा. आजच्या बहुतेक फोनांत सिस्टमच्या दोन जागा असतात, अ आणि ब. अपडेट एका जागी लिहिले जाते आणि दुसरी जुन्या रूपात तशीच राहते. म्हणून बदललेले सॉफ्टवेअर न वापरातल्या जागेत शिल्लक राहू नये यासाठी साधनात दोन्ही जागा लिहिण्याचा पर्याय असेल, तर तो घ्यावा, आणि नसेल, तर फ्लॅशनंतर येणारे पहिले अधिकृत अपडेट लगेच बसवावे, म्हणजे दुसरी जागाही आपोआप भरली जाते. दुसरी गोष्ट अतिउत्साहाची. ‘सर्व काही फॉरमॅट करा’ असा पर्याय काही साधनांत, विशेषतः मीडियाटेक चिपच्या फोनांसाठीच्या साधनात, असतो. तो आयएमईआय आणि नेटवर्कची जुळणी ज्या विभागात जपलेली असते तोही पुसतो, आणि मग फोन चकचकीत स्वच्छ होतो पण नेटवर्क पकडत नाही. तिकडे जाऊ नका. त्याचप्रमाणे आताच्या आवृत्तीपेक्षा जुनी आवृत्ती बसवण्याचा मोह टाळा; अनेक फोनांत मागे जाण्यास प्रतिबंध करणारी नोंद चिपमध्येच असते.

फ्लॅश पूर्ण झाल्यावर लगेच कुलूप लावू नका. आधी फोन एकदा पूर्ण सुरू होऊ द्या, कोणतेही खाते न घालता, आणि तो मूळ सॉफ्टवेअरवर सुखरूप चालतो याची खात्री करा. हे मी अनुभवाने सांगतो. एका जुन्या फोनवर काम करताना सगळे विभाग लिहून झाले असे गृहीत धरून मी थेट लॉकची आज्ञा दिली. एक विभाग बदललेलाच राहिला होता. बूटलोडरने कुलूप लागताच सॉफ्टवेअरची सही, म्हणजे ते कोणी बनवले हे सांगणारी डिजिटल खूण, तपासली, ती जुळली नाही, आणि पडद्यावर लाल चिन्ह येऊन फोन तिथेच थांबला. पुन्हा अनलॉक करायचे, तर त्याची परवानगी देणारा पर्याय सेटिंग्जमध्ये, आणि सेटिंग्जपर्यंत जायचे तर फोन सुरू व्हायला हवा. तो फोन अजून माझ्या खणात कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला आहे. म्हणून क्रम असा ठेवा : पूर्ण फ्लॅश, एकदा सुरुवात, मग बूटलोडरमध्ये परत जाऊन लॉक, आणि सर्वांत शेवटी सेटिंग्जमधील ‘ओईएम अनलॉकिंग’ बंद. लॉक करताना फोन पुन्हा एकदा पुसला जातो. त्यामुळे त्याआधी काही भरण्यात अर्थ नाही.

यानंतर सुरुवातीचा पडदा नीट वाचा, कारण फोनची साक्ष घ्यायची तर इथेच घ्यावी. बूटलोडर सुरू होताना पुढच्या सॉफ्टवेअरची सही तपासतो, आणि त्या तपासणीचे चार रंग ठरलेले आहेत. हिरवा म्हणजे निर्मात्याची सही आणि कुलूप बंद. यात कोणतीही सूचना दिसत नाही. नारिंगी म्हणजे कुलूप उघडे, सही तपासलीच जात नाही. तुमचा आजचा फोन इथे आहे. लाल म्हणजे तपासणीत खोट सापडली. पिवळा रंग लोकांना उगाच घाबरवतो : कुलूप बंद आहे, पण सही निर्मात्याची नसून दुसऱ्या कोणाची आहे, एवढाच त्याचा अर्थ. ग्राफीनओएससारखे पर्यायी सॉफ्टवेअर पिक्सेलवर असेच चालते, आणि त्या पडद्यावर दिसणारी किल्लीची ओळख प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या ओळखीशी जुळली, तर तो फोन विश्वासास पात्र आहे. तुमच्या बाबतीत मात्र मूळ सॉफ्टवेअर घातल्यावर रंगीत सूचना पूर्ण नाहीशी झाली पाहिजे. नुसती नाहीशी होण्यावरही थांबू नका, बूटलोडरच्या पडद्यावर जाऊन तिथे ‘लॉक्ड’ असे लिहिलेले स्वतः पाहा.

प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ या गूगलच्या सुरक्षा-सेवेचे प्रमाणपत्र दिसते, तेही पाहावे, पण एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नये, रूट केलेल्या फोनवर ते खोटे दाखवण्याचे प्रयत्न सतत चालू असतात. बँकेचे अ‍ॅप सुरू झाले म्हणजे फोन निर्मळ झाला, हे अनुमानही त्याच कारणाने कच्चे आहे. याहून भक्कम साक्ष फोनमधील सुरक्षित चिप देते. ग्राफीनओएस प्रकल्पाचे ऑडिटर नावाचे अ‍ॅप ज्या फोनांवर चालते, त्यांत ते दुसऱ्या, भरवशाच्या फोनच्या मदतीने तपासणी करते : दोन्ही फोन एकमेकांचे क्यूआर कोड वाचतात आणि बूटलोडर बंद आहे की उघडा, हे चिपच्या सहीनिशी दुसऱ्या फोनवर उमटते. तपासला जाणारा फोन स्वतःच स्वतःचे प्रमाणपत्र देत नाही, हे या पद्धतीचे बलस्थान आहे.

फोन सॅमसंगचा निघाला, तर एक गोष्ट आधीच स्वीकारावी लागेल. बूटलोडर उघडून परके सॉफ्टवेअर बसवल्यावर नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेची नोंद चिपमध्ये कायमची बदलते. मूळ सॉफ्टवेअर परत आले, कुलूपही लागले, तरी ती मागे येत नाही, आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी त्या फोनवर पुन्हा चालत नाहीत. फोन त्यामुळे असुरक्षित ठरत नाही, पण त्याचे मोल नक्कीच घटते, आणि विक्रेत्यांनी हे सांगायला हवे होते.

आता समजा, तुमच्या मॉडेलचे अधिकृत सॉफ्टवेअर निर्मात्याकडून मिळतच नाही, किंवा मिळाले तरी कुलूप लागत नाही. माझे मत स्पष्ट आहे : तो फोन परत करावा. परत घेतला जात नसेल, तर त्यावर नावाजलेल्या प्रकल्पाचे पर्यायी सॉफ्टवेअर सही तपासून घालावे आणि त्याचा उपयोग संगीत ऐकण्यापुरता, वाचनापुरता, मुख्य खाते न घालता करावा. मॅजिस्कच्या अ‍ॅपमध्येच ते काढून टाकून जुनी बूट फाइल परत आणण्याचा पर्याय असतो, असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. तो पर्याय खरा आहे आणि ज्याने स्वतः रूट केले त्याला तो पुरतोही. परंतु तिथे परत येणारी फाइल आधीच्या मालकाच्या हातूनच जतन झालेली असते आणि सिस्टमचे बाकीचे विभाग तर कोणी तपासलेलेच नसतात.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, फोन पुढे देण्याचा. इथे रीसेटबद्दल मी थोडे चांगले बोलू शकतो. अँड्रॉइड १० सह बाजारात आलेल्या आणि त्यानंतरच्या फोनांत वापरकर्त्याची माहिती कूटबद्ध असणे बंधनकारक आहे. अशा फोनवर रीसेट होते तेव्हा ती माहिती उलगडणाऱ्या किल्ल्या नष्ट होतात, आणि मागे उरते ते न उलगडणारे बाड. फोनच्या साठवणीचे स्वरूपच असे आहे, की तिचा नियंत्रक झीज सारखी वाटली जावी म्हणून लिहिण्याच्या जागा आतल्या आत बदलत राहतो. त्यामुळे निरर्थक फाइलींनी फोन गच्च भरून पुन्हा पुसण्याच्या जुन्या युक्तीने काही कोपरे सुटतातच. किल्ली नष्ट करण्याची पद्धत त्याहून खात्रीची. मात्र बदललेल्या सॉफ्टवेअरवर, विशेषतः जुन्या फोनांत, ही कूटबद्धता कोणी बंद केलेली असू शकते. म्हणून सेटिंग्जमधील सुरक्षेच्या पानावर ‘एन्क्रिप्टेड’ असे दिसते का ते मूळ सॉफ्टवेअर बसवल्यावर, स्वतःची माहिती भरण्यापूर्वीच पाहून ठेवा, आणि पडद्याला चार अंकांपेक्षा लांब पासवर्ड लावा. आजवर भरलेल्या छायाचित्रांची चिंता असेल, तर ती कूटबद्ध होती की नव्हती हे आता फ्लॅश करण्यापूर्वी त्याच पानावर पाहता येईल, पण त्या पानाच्या सांगण्याला सध्या फारशी किंमत देऊ नका.

फोन देण्याच्या दिवशी आधी पडद्याचे कुलूप काढा, मग गूगल खाते आणि निर्मात्याचे खाते दोन्ही फोनमधून काढा, ई-सिम असेल तर ते पुसण्याचा पर्याय निवडा आणि सेटिंग्जमधूनच रीसेट करा, म्हणजे पुढच्या माणसाला तुमच्या खात्याची चौकशी होणार नाही. मेमरी कार्ड मात्र रीसेटच्या कक्षेत येतेच असे नाही. सिमचा ट्रे बाहेर ओढा आणि दोन्ही खाचा रिकाम्या आहेत ना, ते डोळ्यांनी पाहा.